घरचे काम आणि सत्कृत्य

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. घरात भाजणीचा खमंग वास सुटला होता, शेगडीवर तेलाची कढई तापत होती आणि माझी अकरा वर्षांची नात हातात वही-पेन्सिल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्या जूनपासून ती शाळेतल्या गाईडच्या पथकात जाऊ लागली होती. निळा गणवेश, गळ्यात स्कार्फ, शिट्टी, आणि एक वही. त्या वहीत रोज केलेले एक तरी सत्कृत्य लिहायचे असते. तिने मोठ्या गंभीरपणे विचारले,

“आजी, आईला चकल्या करायला मदत केली तर ते सत्कृत्य होतं का गं?”

मी काही बोलण्यापूर्वीच सुनेने सोऱ्यात पीठ दाबता दाबता उत्तर दिले, “अगं, घरचं काम ते! सत्कृत्य कसलं त्यात?”

नातीने निमूटपणे वही मिटली. तिचा थोरला भाऊ बाहेरच्या खोलीत पाय पसरून बसला होता. त्याला कोणी काही विचारले नाही. त्यानेही कोणाला काही विचारले नाही. सून काही वावगे बोलली नव्हती. शंभरांतल्या नव्याण्णव आया हेच म्हणतील. पण मी मात्र हातातले डब्याचे झाकण तसेच धरून बसले. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी एका मुलीला ऐकवले होते. आणि तेही साध्या बाईच्या नात्याने नव्हे, तर गाईडची कॅप्टन म्हणून, गळ्यात शिट्टी अडकवून!

ते सुरगाण्याकडे. तालुक्यातल्या एका शाळेत मी १९७९ साली शिक्षिका म्हणून रुजू झाले. शाळेचे नाव सांगत नाही. सांगण्यासारखे जे आहे त्यात दोष माझाच आहे. शाळेत बायका म्हणून आम्ही दोघीच. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. मुख्याध्यापकांनी एक परिपत्रक माझ्यापुढे सरकवले आणि म्हणाले, “बाई, शिबिराला तुम्ही जा.” मी गेले. परत आले ती कॅप्टन होऊन. मुलींनी स्वेच्छेने वचन घ्यावे, स्वेच्छेने सेवा करावी, असे शिकवण्यासाठी माझी नेमणूक झाली होती, आणि माझी स्वतःची इच्छा मला कोणी विचारलीच नव्हती! त्या वेळी यातली गंमत माझ्या लक्षात आली नाही.

सुरगाणा म्हणजे नाशिक जिल्ह्याचा वायव्येकडचा कोपरा. दिंडोरी, वणी ओलांडून सप्तशृंगीचा डोंगर मागे टाकला की द्राक्षांचे मांडव संपतात आणि सागाचे रान लागते. पलीकडे गुजरात. इथल्या नार आणि पार या नद्या गोदावरीकडे पाठ फिरवून पश्चिमेला समुद्राकडे धावतात. १९४८ पर्यंत हे एक लहानसे संस्थान होते. वस्ती बहुतेक आदिवासींची. कोकणा, वारली, महादेव कोळी. डोंगरउतारावर नागली, वरई. सखल खाचरांत भात. पावसाळ्यात चार चार दिवस सूर्य दिसत नाही इतका पाऊस, आणि तेच पाणी उतारावरून असे पळून जाते की चैत्र-वैशाखात बायाबापड्या नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात.

तिकडे वसुबारसेला वाघबारस म्हणतात. तिथी तीच, अश्विन वद्य द्वादशी. आपण खालचे लोक त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा करतो. ते लोक वाघदेवाची करतात, आमची गुरे राखू दे म्हणून. गायीच्या प्रेमापोटी एकाने गायीला पुजावे आणि दुसऱ्याने वाघाला, यातले जास्त शहाणे कोण, हा प्रश्न मला तिथल्या पहिल्याच दिवाळीत पडला. अजून त्याचे उत्तर मला सापडलेले नाही.

असो. वाघबारस झाली, पिके घरात आली, की पुष्कळशी घरे कुलपे लावून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरत. मोठ्यांबरोबर मुलेही जात. शाळेचा पट दिवाळीनंतर असा गळे, जशी सागाची पाने.

अशा शाळेत मी चोवीस मुलींचे पथक उभे केले. तीन संघ, तीन संघनायिका. गणवेशाचा पहिला खर्च शाळेने केला. पण नियमाप्रमाणे पायात काळे बूट हवेत, ते कोठून आणायचे? शेवटी सात-आठ जोड जमले आणि पाहुणे आले म्हणजे ज्या मुली पहिल्या रांगेत त्यांनी ते घालायचे असे ठरले. गाईडच्या नियमांत एक नियम असा आहे की प्रत्येक गाईड दुसऱ्या गाईडची बहीण असते. तो मी फळ्यावर लिहून ठेवला होता. तेव्हा घोट्यापासून वर आमच्या सगळ्या मुली बहिणी होत्या असे म्हणायला हरकत नाही.

आता त्या वहीविषयी. रोज एक सत्कृत्य करावे, ते कोणाला सांगत सुटू नये, त्याचा मोबदला घेऊ नये, आणि जे आपले कर्तव्यच आहे ते सत्कृत्य म्हणून धरू नये, असे मला शिबिरात शिकवले होते. दर शनिवारी मी वह्या तपासायची. एका कारकुनाची मुलगी होती. ती फार व्यवस्थित लिहायची. एकदा तिने लिहिले, ‘एका म्हातारीला हात धरून रस्ता ओलांडून दिला.’ आमच्या गावच्या रस्त्यावरून दिवसात तीन गाड्या जात! पण वाक्य पुस्तकातल्यासारखे होते. मी बरोबरची खूण केली.

दुसरी वही आठवीतल्या एका कोकणा मुलीची. ती तिच्या संघाची नायिका होती. अंगाने किडकिडीत, बोलणे बेताचे. पण तिने नुसते बघितले तरी बाकीच्या सात मुली रांगेत उभ्या राहत. तिने लिहिले होते, ‘पहाटे दोन खेपा पाणी आणले. धाकट्या भावाला न्हाऊ घातले. भाकरी केल्या. बकऱ्या सोडल्या.’ मी तांबड्या शाईने त्यावर लिहिले, ‘हे घरचे काम आहे. सत्कृत्य लिहावे.’ आणि वही देताना तोंडानेही तेच बोलले.

पुढच्या शनिवारी तिच्या वहीत एकच ओळ होती. ‘काही नाही. वेळ नव्हता.’

ती ओळ वाचून त्या वेळी मला थोडा रागच आला. हट्टी आहे, म्हटले. ती ओळ किती खरी होती हे समजायला मला बराच काळ लागला. पहाटे चारला उठणाऱ्या त्या मुलीने दिवसभरात दुसऱ्यांसाठी सहा तास घातले होते आणि तिच्या पदरी पुण्याचा एक पैसाही जमा झाला नव्हता. दुसरीने पाच मिनिटे घातली होती आणि तिचा हिशेब चुकता होता. सेवा मोजण्याचा जो माप मी हातात धरला होता तो ज्याच्यापाशी रिकामा वेळ आहे त्याच्याच मापाचा होता.

परंतु नियम मूर्खपणाचा होता असे म्हणून मोकळे होता येत नाही. त्याच्यामागे विचार आहे, आणि तो हलका नाही. कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७८५ साली एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. दुकानदार लहान मुलालाही फसवत नाही, योग्य भावाने माल देतो. चांगले आहे; पण असे केल्याने धंद्याची पत राहते म्हणून तो ते करीत असेल तर त्यात नीतीचे मोल काय? कांटला हवे होते ते फक्त कर्तव्यबुद्धीने केलेले कर्म. या काट्यावर बिल्ल्यासाठी केलेली सेवा घातली तर ती तत्काळ वर जाते. मुलीने म्हातारीला हात दिला तो म्हातारीसाठी की शनिवारच्या वहीसाठी? माझी कारकुनाची मुलगी नापास होते, आणि ‘वेळ नव्हता’ लिहिणारी पास होते. ॲरिस्टॉटलला विचारावे तर तो अधिक दयाळू आहे. वीणा वाजवता वाजवता माणूस वादक होतो, तसा चांगली कृत्ये करता करता चांगला होतो, असे तो म्हणतो. प्रारंभी वहीसाठी का होईना, हात देऊ दे; पुढे हाताला वळण लागेल. सगळ्या बालवीर-वीरबालांच्या चळवळीचा पाया खरे तर ॲरिस्टॉटलचाच आहे, आणि शिक्षिका म्हणून माझाही कौल त्याच्याच बाजूला पडतो.

पण या दोघाही थोर पुरुषांच्या डोळ्यांपुढे एक मोकळा माणूस आहे. तो सकाळी उठून आज चांगले वागावे की वाईट याचा विचार करू शकतो. ॲरिस्टॉटलच्या नगरातील घरोघरी पाणी भरणाऱ्या बायका आणि गुलाम या हिशेबात धरलेलेच नाहीत; त्यांच्या पाण्यावर तर मोकळ्या माणसाला सद्गुणाचा सराव करायला सवड मिळत होती. ज्याला ‘नाही’ म्हणता येते त्याचे ‘हो’ हे वचन. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची सोयच नाही त्याच्या ‘हो’ला काय म्हणावे? वाईट म्हणवत नाही, कारण त्या ‘हो’वर घरे उभी आहेत. त्याला सद्गुणही म्हणवत नाही, कारण तसे म्हटले की ती सोय कधीच करून द्यावी लागत नाही.

आपल्या भाषेत ‘सेवा’ हा शब्द असाच दोन तोंडांचा आहे. देशसेवा म्हटले की छाती पुढे येते. पतिसेवा म्हटले की मान खाली जाते. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले तेव्हा त्यांनी या शब्दाला एक नवे घर दिले. घरात दुसऱ्यांची उष्टी काढीत जिचा जन्म जायचा त्याच विधवेला परिचारिकेचे शिक्षण मिळाले आणि तीच शुश्रूषा तिच्या हातचा धंदा झाली, मानाची झाली. पण शब्द जुन्या घरी परत जायला टपलेलाच असतो. १९७५ साली अंगणवाड्यांची योजना निघाली. त्यात काम करणाऱ्या बाईला आपण ‘सेविका’ म्हटले आणि तिला जे देतो त्याला वेतन न म्हणता ‘मानधन’ म्हटले. सेवा म्हटल्यावर पगार कसा मागायचा? त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ साल उजाडावे लागले, आणि तेही सर्वोच्च न्यायालयात. सुरगाण्याच्या पाड्यापाड्यावर पावसापाण्यात नोंदवह्या घेऊन हिंडणाऱ्या या बाया मी पाहिल्या आहेत. एखाद्या शब्दाने माणसाचे किती पैसे वाचतात, हे अर्थशास्त्र्यांनी कधी तरी मोजावे.

मौज अशी की मुलींची ही संघटना जन्माला आली तीच मुळी कोणी न बोलावता. रमाबाईंचे सेवासदन निघाले त्याच १९०९ साली, सप्टेंबर महिन्यात, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला होता. हजारो मुलगे. त्यांत काही मुली डोक्यावर तशाच टोप्या घालून येऊन उभ्या राहिल्या आणि आम्हांलाही घ्या म्हणू लागल्या. बेडन-पॉवेल साहेब बुचकळ्यात पडले. अखेर १९१० साली मुलींची निराळी संघटना काढून ती त्यांनी आपल्या बहिणीवर, अ‍ॅग्नेसवर, सोपवली. दोन वर्षांनी मुलींसाठी पुस्तक निघाले. साम्राज्याच्या उभारणीला मुलींनी हातभार कसा लावावा हे त्याच्या नावातच सांगितले होते. मागणी होती रानात हिंडण्याची, वाट शोधण्याची. हाती आले ते बरेचसे स्वयंपाक, शुश्रूषा आणि शिवण. आपल्याकडे पहिले पथक १९११ साली जबलपूरला निघाले, पण पहिली काही वर्षे त्यात हिंदी मुलींना जागा नव्हती. ज्यांचे साम्राज्य त्यांच्याच मुली त्याची सेवा करणार, हे एका दृष्टीने ठीकच म्हणायचे. स्वातंत्र्यानंतर १९५० साली निरनिराळ्या संघटना मोडून भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली आणि पुढल्या वर्षी १५ ऑगस्टला गाईडही तीत आल्या. १९६६ साली पुण्याला आळंदी रस्त्यावर ‘संगम’ हे जागतिक केंद्र उघडले. जगभरच्या मुली तिथे येऊन राहतात. आमच्या मुलींनी पुणेच पाहिले नव्हते.

क्रिस्टल पॅलेसची ही हकीकत मी मुलींना मोठ्या रंगात येऊन सांगितली होती. न बोलावता गेल्या, पाहा! मुली हसल्या. ती संघनायिका हसली नाही. तिने ती मनात ठेवली असावी.

कारण पुढे असे झाले. कोणी अधिकारी शाळा पाहायला येणार होते. मुख्याध्यापकांनी कामे वाटली. मुलगे, म्हणजे स्काऊट, बांबूची कमान उभारतील, तीवर झेंडे लावतील आणि सलामी देतील. गाईड मैदान झाडतील, सडा घालतील, रांगोळी काढतील. मला यात काहीच वावगे दिसले नाही. संघनायिकांची बैठक घेऊन मी त्यांना हे सांगितले, आणि शिबिरात शिकवल्याप्रमाणे शेवटी विचारले, “कोणाला काही सांगायचे आहे?” हा प्रश्न विचारायचा असतो. त्याला उत्तर यायचे नसते.

ती म्हणाली, “बाई, आमी कमान बांधतो. मुलगे झाडतील.”

मी म्हटले, “अगं, त्यांना गाठी येतात.”

“आमालाबी येतात. मोळी आमीच बांधतो.”

हे अगदी खरे होते. पथकात मी मुलींना दोरीच्या गाठी शिकवत असे. पुस्तकात बघून, आपलीच बोटे अडकवून घेत. त्या मुली मात्र सहा-सात वर्षांच्या असल्यापासून रानातून मोळ्या बांधून डोंगर उतरत होत्या. वाटेत मोळी सुटली तर काय होते हे त्यांना पुस्तकात वाचावे लागत नव्हते. तिने एकदा मलाच तिची गाठ शिकवली होती, दोरीला पीळ देऊन, वर लाकडाचा तुकडा अडकवून आवळायची. एकदा आवळली की दोघींनी ओढली तरी हलत नसे.

“पण ठरले आहे ना?” मी म्हणाले.

“कोनी ठरवलं?” तिने विचारले. उद्धटपणा नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

मला सांगता येईना. मुख्याध्यापकांनी ठरवले म्हणावे तर मी इथे कशाला बसले आहे? मी ठरवले म्हणावे तर ते खोटे. मी कागद गोळा केले आणि म्हणाले, “सेवेत लहानमोठे काम नसते.” हे वाक्य थोरामोठ्यांच्या तोंडी फार शोभते. झाडू ज्याने स्वतःहून उचलला त्याच्या तोंडी तर विशेषच. दुसऱ्याच्या हातात झाडू देताना ते उच्चारले म्हणजे कसे लागते, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले.

मुलींनी मैदान झाडले. ती सर्वांत पुढे होती. तिने कामात एवढीही कसूर केली नाही. अधिकारी आले, कमानीखालून गेले, रांगोळीची तारीफ झाली, बूट घातलेल्या मुलींनी पहिल्या रांगेतून सलामी दिली. मला मुख्याध्यापकांनी शाबासकी दिली. नंतर आठ दिवसांनी दिवाळीची सुट्टी लागली, आणि सुट्टीनंतर ती आली नाही. घरचे द्राक्षाला गेले होते, तीही गेली. दरवर्षीच जात असत. पण पावसाळा लागला की परत येत. त्या वर्षी तिचा बाप आणि भाऊ परतले. तिचे लग्न झाले होते.

माझ्या त्या वाक्यामुळे ती गेली असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे स्वतःला नको तेवढे महत्त्व देणे झाले. द्राक्षबागा, पोट, आठवीतल्या मुलीचे वय, हे सगळे माझ्या वाक्यापेक्षा फार मोठे होते. तरी एवढे खरे की जायच्या आधी तिने एका ठिकाणी, एकदाच, आपले मत सांगितले होते. आणि ते ठिकाण माझ्या ताब्यात होते.

मग ती संघटना फुकट होती का? माझे काही मित्र असे म्हणतात. शिट्ट्या, स्कार्फ, साहेबांची नक्कल. गरिबाच्या पोरींना कवायत कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला तसे वाटत नाही. त्या मुलीला घरात कोणी विचारत नव्हते, वर्गात विचारत नव्हते, द्राक्षबागेत तर मुकादम विचारणार नव्हताच. ‘कोणाला काही सांगायचे आहे?’ हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला तो गाईडच्या बैठकीत. प्रश्न कवायतीतला होता, विचारणारीला उत्तर नको होते, सारे कबूल. तरीही तो विचारला गेला आणि तिने तो खरा मानला. संघटनेने मुलींना सेवा शिकवली यात मला फारसे नवल वाटत नाही. सेवा त्यांना येतच होती, आमच्यापेक्षा चांगली. नायकी शिकवली म्हणावे, तर तीही तिच्या अंगात होती. पण आठ जणींच्या वतीने उभे राहून ‘हे कोणी ठरवले’ असे विचारायला जी चार हात जागा लागते, ती जागा त्या पथकाने आखून दिली होती. त्या जागेत एक मुलगी उभी राहिली, हे पथकाचे यश. तिच्यासमोर बसलेल्या कॅप्टनला उत्तर देता आले नाही, हे कॅप्टनचे अपयश. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी झाल्या.

आमच्या पथकात ‘खरी कमाई’ नावाचा एक उपक्रम असे, अजूनही असतो. मुलामुलींनी लोकांची लहानसहान कामे करायची, चहाफराळ विकायचा, आणि श्रमाचे पैसे मिळवून निधीत घालायचे. शहरातल्या मुलांना श्रमाची किंमत कळावी म्हणून ही फार चांगली योजना आहे. आमच्या मुलींना मी ती समजावून सांगितली तेव्हा एकीने सहज विचारले, “मग आमी द्राक्षाला जातो ती खोटी का?” त्या वर्षी तो उपक्रम मी केला नाही.

निवृत्त झाल्यावर मी नाशकात राहायला आले. ६ मार्च २०१८ रोजी नाशकातून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला पायी निघाला. त्यात सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीकडचे आदिवासी फार मोठ्या संख्येने होते. कसतो ती वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी. मी रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. उगाचच. पन्नाशीची प्रत्येक किडकिडीत बाई मी न्याहाळून पाहत होते. ती काही मला दिसली नाही. दिसली असती तरी मी ओळखले असते असे नाही. बायका पुष्कळ होत्या. डोक्यावर लाल टोपी, हातात झेंडा, पिशवीत भाकरी, आणि पायात... पायांचे फोटो पुढे सगळ्या वर्तमानपत्रांत आलेच.

सहा दिवसांत ते लोक सुमारे एकशे ऐंशी किलोमीटर चालले. ११ मार्चच्या रात्री मुंबईत शीवच्या मैदानावर पोहोचले. दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा होती. सकाळी एवढा मोर्चा रस्त्यावर उतरला तर मुलांना केंद्रावर पोहोचता येणार नाही, म्हणून दिवसभराच्या चालीनंतर विश्रांती टाकून ते रातोरात उठले आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानात जाऊन बसले. मुंबईची ती मुले त्यांची कोणी नव्हती. त्यांच्यातल्या कित्येकांच्या मुलींनी दहावीचे तोंड पाहिले नसेल. ते त्या रात्री बसूनही राहू शकले असते. कोणी त्यांना दोष दिला नसता. मला कांटच्या दुकानदाराची आठवण झाली, आणि लोकांची सहानुभूती मिळावी म्हणून त्यांनी तसे केले असेल, असे म्हणणाराही मला भेटला. असेलही. फोड आलेल्या पायांनी रात्री दोन वाजता उठून पाहावे, मग हेतूची चिकित्सा करावी, असे मी त्याला म्हटले. हे उत्तर तर्काला धरून नाही, हे मला माहीत आहे.

त्या रात्रीचे ते काम कोणत्या वहीत लिहायचे? घरचे म्हणता येत नाही. कर्तव्य म्हणावे तर कोणी लादले नव्हते. मोबदला नाही, बिल्ला नाही. आणि मुख्य म्हणजे ते लोक ‘नाही’ म्हणायलाच मुंबईला आले होते. सरकारला ‘नाही’ म्हणता म्हणता वाटेत त्यांनी दहावीच्या पोरांना ‘हो’ म्हटले.

तर नातीची गोष्ट राहिली. मी तिला जवळ बोलावले. चकल्यांची मदत वहीत लिही असे सांगावे, तर उद्या ती पाणी दिल्याचा, ताट घेतल्याचाही जमाखर्च मांडील. आणि जमाखर्चावर चालणाऱ्या घराचे मला भय वाटते. लिहू नकोस म्हणावे, तर पंचेचाळीस वर्षांपूर्वीची तांबडी शाई पुन्हा हातात घेतल्यासारखे होईल. मी तिला म्हटले, “तुला चकल्या करायच्या आहेत का?”

ती विचारात पडली. मग म्हणाली, “आज नाही. आज मला किल्ला करायचाय.”

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी नजर चुकवली आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून नातवाला हाक मारली. तो कुरकुरत आला. त्याला सोऱ्या कसा धरायचा इथपासून दाखवावे लागले. पहिला घाणा सगळा तुटला. दुसऱ्या घाण्यापासून वेढे जमू लागले, पण जाडसर.

नात तोवर अंगणात माती कालवीत होती. बुरूज काही केल्या उभा राहीना. मी सुतळीचा तुकडा आणि एक काडी घेऊन बाहेर गेले, चार काटक्यांचा सांगाडा धरला आणि दोरीला पीळ देऊन गाठ आवळून दाखवली.

“ही कोणती गाठ? आमच्या पुस्तकात नाहीये,” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हटले, “नसेल.”